भिंतीपलीकडचा प्रेस

मंगळवार, ७ जानेवारी

आज पुन्हा तेच. सकाळचा पहिला चहा होईपर्यंत सिस्टिम नीट होती, मग बसली. डिस्पॅचवरून फोनवर फोन. बटण दाबलं की लेबल छापून यायला पाच-सहा मिनिटं. लेबल लागल्याशिवाय खोका गाडीत चढत नाही, खोके चढल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही, आणि गाडी वेळेत पोचली नाही तर तिकडे मोठ्या कंपनीत मोटारींची लाइन थांबते. आम्ही रबरी पाइप बनवतो, पण आज चार गाड्या गेटवर उभ्या होत्या त्या पाइपांमुळे नाही. सर्व्हरमुळे.

सर्व्हर चालतो तेव्हा तो कंपनीचा असतो. बसला की माझा. "मंजुषा, तुझा सर्व्हर बसला बघ."

जयदीप सर, म्हणजे आमचे प्लँट मॅनेजर, दारातूनच म्हणाले, "कारण नकोय मला. कधी होईल ते सांग."

मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत."

का म्हणाले कुणास ठाऊक. आता कंपनीच्या बसमध्ये आहे, तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये. झालेलं काहीच नाही.

बुधवार, ८ जानेवारी

अँटिव्हायरस बंद करून पाहिला. बॅकअप रात्रीवर ढकलला. जुन्या फायली काढून जागा केली. फरक शून्य.

गुरुवार, ९ जानेवारी

आमच्या भागातल्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टी. तरी गेले. सगळा पट्टा बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा निवांत. सर्व्हर असा पळत होता की मीच चक्रावले. मोठमोठ्या फायली इकडून तिकडे टाकल्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत गेल्या.

म्हणजे यंत्रात दोष नाही, एकाच वेळी फार लोक वापरतात म्हणून हे होतं. उद्या सरांना हेच सांगते. येताना डांगे चौकातून लेकीसाठी, दिव्यासाठी, चिक्की घेतली. बऱ्याच दिवसांनी घरी हसत शिरले, असं नवनाथ म्हणाला.

शुक्रवार, १० जानेवारी

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नोव्हेंबरात नीट चालत होता, तेव्हा किती लोक वापरत होते?"

"एवढेच."

"मग?"

परत येऊन डिस्क बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

सोमवार, १३ जानेवारी

डिस्कवाल्या कंपनीचा इंजिनिअर आला होता. चारही डिस्क तपासल्या. "एकदम ठणठणीत आहेत मॅडम," असं त्याने सांगितलं. जणू आनंदाची बातमी. पेशंट कण्हतोय आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. माझ्या समाधानासाठी एक डिस्क बदलून गेला. तेवढा दिवस सर्व्हर आणखी हळू चालला आणि सगळ्यांच्या शिव्या मीच खाल्ल्या.

सर्व्हरच्या खोलीतला गणपतीचा फोटो आज परत तिरका झाला होता. सरळ केला. म्हटलं, बाबा, तू तरी सरळ राहा. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं. या रस्त्याने कंटेनर फार वाढलेत.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ सगळ्यांनी दिला, गोड कुणी बोललं नाही.

आज डिस्पॅचचा एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, "बाईमाणसाला हार्डवेअर जमत नाही, हे मी आधीच बोललो होतो." बाकीचे हसले नाहीत, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. बारा वर्षं झाली मला या कामात. त्याला उत्तर द्यायचं तर सर्व्हर चालला पाहिजे, आणि तो चालत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

सापडलं! नीट लिहून ठेवते.

दुपारी जेवायला गेले नाही. दार लावून सर्व्हरच्या रॅकच्या लोखंडाला डोकं टेकून उभी राहिले. खरं सांगायचं तर रडत होते. तेव्हा कपाळाला जाणवलं. धप्प. थोडा वेळ काही नाही. परत धप्प. कानाला तसं काही कळत नव्हतं, एसीचा आणि पंख्यांचा आवाज असतोच. पण हाडाला कळत होतं.

डोळे उघडून स्क्रीनकडे पाहिलं. डिस्कला लागणाऱ्या वेळेची रेघ दर धपक्याला उसळत होती.

डिस्कमध्ये चकती फिरत असते आणि तिच्यावर केसाहून कमी अंतरावर सुई तरंगत असते. धक्का बसला की सुईची जागा चुकते. मग चकतीचा पुढचा फेरा येईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. तेवढ्यात पुढचा धक्का. डिस्क आजारी नव्हतीच. तिला कुणी नीट वाचूच देत नव्हतं.

हात भिंतीवर ठेवला. भिंत हलत होती.

भिंतीपलीकडे तिसरा गाळा आहे. बबनरावांचे हे तीन गाळे एका ओळीत. पहिले दोन आमच्या कंपनीकडे, तिसरा पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका छोट्या प्रेस शॉपकडे. एवढी वर्षं इथे येते, त्या गाळ्यात कधी डोकावलेसुद्धा नाही.

शनिवार, १८ जानेवारी

आज डोकावले. आत सहा-सात माणसं, तीन लहान प्रेस, आणि आमच्या भिंतीला लागून एक हिरवा, दीड मजली उंच. त्याच्यावर झेंडूचा सुकलेला हार तसाच होता. मालक दौलतराव, पन्नाशीपुढचे. बोलणं ऐकलं आणि मला घरी गेल्यासारखं झालं. ते गेवराईचे, मी जिंतूरची, दोघंही मराठवाड्यातली.

"या ताई, या. काय पाहायलात? हा का? हा सेकंडहँडच हाय, पण जपानी. डिसेंबरात आणला. आता जाड पत्र्याचं कामबी आम्हालाच भेटतंय."

त्यांची मुलगी भाग्यश्री तपासणीच्या टेबलावर बसते. पंचविशीची असेल. हातातला पत्र्याचा ब्रॅकेट मापाच्या गेजमध्ये घालता घालताच तिने माझ्यासाठी स्टूल ओढलं.

मी घाबरत घाबरत सांगितलं की तुमच्या प्रेसमुळे आमच्या मशिनला त्रास होतोय. मला वाटलं भांडतील. दौलतरावांनी ऐकून घेतलं, मान वळवून ऑपरेटरला म्हणाले, "बंद कर रे थोडा वेळ." मी पळत माझ्या खोलीत गेले. रेघ सपाट. लेबलं धडाधड निघत होती. दौलतराव मागोमाग आले होते, दारातच चपला काढून उभे. स्क्रीन पाहून म्हणाले, "अरारा. आमचं एवढं धूड, अन् ह्याला सुईएवढं दुखायलंय."

खरं सांगते, मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मंगळवार, २१ जानेवारी

आमची कंपनी रबराची, आणि रबरासाठी मी भंगाराच्या ढिगात. जाड पट्ट्या शोधल्या. दौलतरावांनी लंच टाइममध्ये जॅक लावून प्रेस उचलला आणि पायाखाली त्या सरकवल्या. माझ्या रॅकखालीही घातल्या. दौलतरावांचं अर्ध्या दिवसाचं काम बुडालं, पण त्यांनी तसं बोलूनही दाखवलं नाही.

निम्मा फरक पडला. लेबल आता दोनेक मिनिटांत येतं. निम्मा त्रास उरलाच. रॅक त्या भिंतीपासून हलवला तर प्रश्न मिटेल. वर अकाउंट्सच्या शेजारची खोली रिकामीच पडली आहे.

बुधवार, २२ जानेवारी

सर म्हणाले, "हलवायचं नाही."

"सर, एका दिवसाचं काम आहे."

"केबल, एसी, वीज, सगळं नव्याने. मार्चमध्ये कस्टमरचं ऑडिट आहे. त्याआधी कशालाही हात लावायचा नाही."

मी म्हणाले, "मग निदान चकतीशिवायच्या नव्या डिस्क घेऊ. त्यांना धक्क्याने काही होत नाही."

"या वर्षी नाही."

मग त्यांनी विचारलं, "शेजारच्यामुळेच होतंय, हे नक्की?"

"अगदी नक्की."

"बरं," असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सोमवार, २७ जानेवारी

आज आशेला जागा आहे. सर दोन पाहुण्यांना घेऊन माझ्या खोलीत आले. एकाच्या हातात टेप. भिंतीची लांबी घेतली, उंची घेतली, ठोकून पाहिली. वीट आहे की ब्लॉक, वरच्या गर्डरचा भार या भिंतीवर येतो का, असं विचारत होते. सर त्यांना म्हणाले, "इथून सरळ पलीकडपर्यंत घ्यायचं."

म्हणजे सर्व्हरला नवीन खोली मिळणार, तीही मोठी. सर तोंडावर नाही म्हणतात, पण ऐकतात तर. मी त्यांना उगाच कठोर समजत होते.

बुधवार, २९ जानेवारी

सरांनी रिपोर्ट मागितला. कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, आलेखांसह. दिवसभर बसून केला. प्रेस चालू असतानाची रेघ, बंद असतानाची रेघ, गुरुवारची रेघ. शेवटी तीन उपाय: रॅक वर हलवा, नाहीतर डिस्क बदला, तेही नसेल तर प्रेसखाली इंजिनिअरकडून नीट पॅड बसवून घ्या.

सरांनी वाचला. "उत्तम. फक्त उपाय काढ. निदान करणं तुझं काम, उपाय मॅनेजमेंट ठरवेल."

बरोबरच आहे. मी शेवटचं पान काढलं आणि सही केली. बारा वर्षांत माझा शब्द कुणी लेटरहेडवर घेतला नव्हता.

नवनाथला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "सही तुझी कशाला? त्यांची का नाही?"

याला माझं कौतुक करता येत नाही, दुसरं काय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दौलतराव दोन वेळा येऊन गेले. "ताई, आता कसंय?" मोठं काम ते शक्यतो आमच्या जेवणाच्या वेळेत किंवा संध्याकाळी गाड्या गेल्यावर काढतात. त्यांची माणसं थांबतात, भाग्यश्रीची घरी जायची बस चुकते. मी म्हटलं, थोडे दिवस कळ काढा, माझा सर्व्हर लवकरच हलणार आहे. ते म्हणाले, "तुम्ही हायत म्हणून."

सोमवार, १० फेब्रुवारी

काय लिहू?

गेटपाशी बबनराव भेटले. स्कॉर्पिओतून उतरत होते, मागे दौलतराव उभे. बबनराव म्हणजे इथले जुने, हे गाळे आहेत ती जमीन त्यांच्या आजोबांची. दौलतरावांना ते सांगत होते, "म्हैनाअखेर गाळा मोकळा पायजेल. मला बी बरं वाटत न्हाई, पर आमी काय करणार? करारात लिव्हलंय, शेजाऱ्याला तरास झाला तर गाळा सोडायचा. अन् तरास झालाय ह्याचा कागद कंपनीनं दिलाय."

त्यांच्या हातात माझा रिपोर्ट होता. निळ्या शाईतली माझी सही लांबूनही ओळखू आली.

मी पुढे झाले. "बबनराव, अहो, मी गाळा सोडायला नाही सांगितलं. मी फक्त कारण..."

"मॅडम, मला न्हाई कळत त्यातलं. कागद तुमचाच हाय न्हवं?"

"माझाच."

"मग झालं तर."

दौलतरावांनी तो कागद मागून घेतला, पहिलं पान पाहिलं, मागचं पाहिलं आणि परत दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. कागद इंग्रजीत आहे. त्यांना वाचता आला नसेल. कामाच्या ड्रॉइंगवरचं इंग्रजी ते वाचतात, पण ते ठरावीक शब्दांचं असतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सरांकडे गेले. रात्रभर घोकलेलं सगळं बोलले. रॅक हलवला तर दौलतरावांना जायची गरजच नाही. ते काढलेलं पान मी पुन्हा छापून नेलं होतं.

सरांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं. "मंजुषा, तू तुझं काम चांगलं केलंस. आता त्यात भावना आणू नकोस."

"पण सर, हे खोटं ठरतं."

"कुठलं वाक्य खोटं आहे, दाखव."

मी रिपोर्ट डोळ्यांसमोर आणला. एकही वाक्य खोटं नव्हतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नवनाथला सगळं सांगितलं. "मी म्हटलं होतं," असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "वरच्या साहेबांना मेल टाक," म्हणाला. टाकला. उत्तर जयदीप सरांकडून आलं: काही असेल तर माझ्यामार्फत बोलावे.

नोकरी सोडावी असं एकदा मनात आलं. घराचा हप्ता, दिव्याची शाळा. आणि मी सोडली तरी गाळा वाचणार नाही. हे कारण खरं आहे. पण किती पटकन सापडलं!

शनिवार, १५ फेब्रुवारी

ठरवून शेजारी गेले. प्रेस बंद होता. दौलतराव फोनवर कुणाला तरी भोसरीतल्या जागेचं विचारत होते. फोन ठेवून म्हणाले, "एवढा उंच प्रेस बसंल अशी शेड भेटना. भेटली तर वीज पुरंना."

मी म्हणाले, "दौलतराव, तो कागद..."

"चहा घ्या ताई."

"नाही, ऐका ना. तो कागद मी..."

"भाग्यश्री, ताईंना चहा." मग आवाज उतरवून मला म्हणाले, "पोरगी हितंच हाय. राहू द्या."

चहा आला, मी प्यायले. भाग्यश्री विचारत होती, तुमच्याकडे कोकणातले लोक जास्त की आपल्याकडले. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. जे सांगायला गेले ते न सांगताच परत आले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दोन लहान प्रेस गेले. मोठा बंदच आहे, त्याला गिऱ्हाईक शोधतायत.

सर्व्हर सुसाट आहे. सरांनी डिस्पॅचच्या मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. तो बाईमाणूसवाला पुढे येऊन म्हणाला, "मानलं मॅडम." मी महिनाभर या वाक्याची वाट पाहत होते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

क्रेन आली. प्रेस बाहेर काढायला दाराची वरची चौकट तोडावी लागली. ट्रेलरवर आडवा घालून साखळदंडांनी बांधला. मी पहिल्या मजल्याच्या जिन्यातून पाहत होते. खाली जाऊन काय बोलणार? दौलतराव ट्रेलरच्या बाजूने चालत होते, प्रत्येक साखळी ओढून पाहत. प्रेस आता त्यांचा नव्हता, तरी पाहत होते. मग ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश ने बाबा, वळणावर सावकाश."

घेणारा राजस्थानचा आहे म्हणे. दौलतराव भोसरीत कुणाच्या तरी शॉपमध्ये ऑपरेटर म्हणून लागणार आहेत.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी पोचले तर माझ्या खोलीत तीन माणसं. "मॅडम, सर्व्हर बंद करा, वर न्यायचाय."

"कुठे वर?"

"अकाउंट्सशेजारी."

मला वाटलं चेष्टा करतायत. जयदीप सर मागून आले. "भिंत पाडायची आहे. नवीन लाइन तिसऱ्या गाळ्यापर्यंत सरळ जाणार. ऑडिटच्या आधी कस्टमरला दाखवायची आहे. संध्याकाळपर्यंत होईल ना तुझं?"

दुपारच्या चहाच्या आत झालं. केबल, एसी, वीज, सगळं. मी बटण दाबलं. चालू झाला. रेघ सपाट.

"बघ," सर म्हणाले, "तू म्हणत होतीस तसंच केलं शेवटी."

त्यांना खरंच तसं वाटत होतं की मला हिणवत होते, हे मला अजून कळलेलं नाही. मी "थँक्यू सर" म्हणाले. हे मी का लिहितेय? लिहिलंच पाहिजे. मी "थँक्यू सर" म्हणाले.

आता पहारीचे घाव ऐकू येतात. खालून.

सोमवार, १७ मार्च

गेटवरून फोन आला, कुणीतरी भेटायला आलंय. खाली गेले तर भाग्यश्री. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा ड्रेस, हातात फाइल. नवीन लाइनसाठी तपासणीला माणसं घेतायत असं तिला कळलं होतं.

"बाबा म्हणाले, मंजुषाताईंना भेट. त्यांचं कंपनीत वजन आहे."

माझं वजन.

"बाबा कसे आहेत?"

"दुसऱ्याच्या मशिनवर हात बसंना म्हणतात. बसंल." मग ती आतल्या बाजूला, जिथे त्यांचं दार होतं तिकडे पाहत राहिली. दार आता नाही, तिथे सलग पत्रा आहे. "ताई, मी आईला नेहमी सांगते, तुम्ही लई केलं आमच्यासाठी. बबनरावांच्या समोर तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात, असं बाबा सांगत होते. कंपनीनं कागद केला, पण ताईंनी अडवायला पाहिलं, म्हणाले."

माझ्या तोंडात शब्द आला होता. कागद माझाच होता, हे सांगून टाकावं. पण मग तिला बापाचं खोटं कळलं असतं, आणि ते खोटं त्यांनी माझ्यासाठी बोललेलं. की हीसुद्धा माझी पटकन सापडलेली सबब?

मी फाइल घेतली. "बघते," म्हणाले.

ती निघाली, दोन पावलं जाऊन वळली. "ताई, तुमचं ते मशिन चालतंय ना आता नीट?"

"हो."

"चला, बरं झालं," ती म्हणाली, आणि मनापासून हसली.